स्टिकरखालचा चेहरा

२५ जानेवारी, रविवार

वही दिवाळीत घेतली आणि लिहायला आज बसलेय. टाळत होते, दुसरं काही नाही. नोव्हेंबरात एकदा नुसती तारीख टाकली, तेवढ्यात खालून गाढवांचा कळप चालला होता — सावेडीत, भर डांबरी रस्त्यावर — तो कुठं जातो बघायला म्हणून उतरले ती थेट नालेगावापर्यंत गेले. परत आले तर काय लिहायचं होतं तेच आठवेना. ते पान फाडलं.

आज मात्र लिहायचं. सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि सुनीलदादा वर आला. तो कधी वर येत नाही, खालूनच हाक मारतो.

म्हणाला, "दिशा, विचारमेळ्यात एक जागा रिकामी झालीय. बोलशील का? तुझ्या त्या नदीवर?"

मी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला आणि हो म्हणाले. टॉवेल ओला आहे हे तो गेल्यावर कळलं.

पुण्याचे कोणी सर येणार होते म्हणे. आजारी पडले. त्यांच्या जागी मी. आठ तारखेला.

२६ जानेवारी

झेंडावंदन, जिलेबी, मग दिवसभर झोपच लागली नाही — दिवसा लागतही नाही म्हणा.

विचारमेळा म्हणजे सुनीलदादाचा जीव. तो आमच्याच गावचा, पारनेर तालुक्यातला. इथं सावेडीत इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास चालवतो. वर गच्चीवरच्या खोलीत मी आणि रुपाली राहतो. रुपाली नर्सिंग करते. मी क्लास उघडते, पत्रकं वाटते, हजेरी घेते. घरातून निघाले तेव्हा मला कोणी दारात उभं केलं असेल तर ते दादानं, हे आधी लिहून ठेवते.

वर्षातून एका रविवारी तो मंगल कार्यालयाचा हॉल घेतो आणि सात-आठ जणांना बोलायला लावतो. अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत. गोल लाल गालिचा, गालाला चिकटलेला माइक, पंधरा मिनिटं. कुणी डाळिंबावर बोलतं, कुणी बहिऱ्या मुलांच्या शाळेवर. नंतर ते सगळं मोबाईलवर फिरतं. गेल्या वर्षी मी दारात पाण्याच्या बाटल्या वाटत होते, तेव्हाच त्याला विचारलं होतं, मी बोलू का? "अजून थोडी तयार हो," म्हणाला.

मी आणि तयार. बी.ए. अर्ध्यात सोडलं. नर्सरीत काही महिने, कॉल सेंटरात त्याहून कमी, मग मधाच्या पेट्या फिरवणाऱ्यांबरोबर सूर्यफुलाच्या मागं सोलापूरपर्यंत. आणि मुळा नदी. हातात धरून दाखवावं असं एवढंच माझ्याकडं आहे.

आईला फोन केला. आण्णा माझ्याशी दीड वर्ष बोललेले नाहीत. आधी कॉलेज सोडलं होतं, मग आलेलं स्थळही सोडलं, तेव्हापासून. आई हळूच म्हणाली, "अगं, तुजे आण्णा इचारत हुते, कुठं हाय म्हनं त्ये भाषान. नुसतं इचारलं. पर इचारलं."

२८ जानेवारी

आण्णा येणार. आईचा आता फोन. "सदरा इस्त्रीला दिलाय त्येंनी. सोताहून." बास. आज एवढंच.

३० जानेवारी

रिकाम्या क्लासात सराव झाला. सुनीलदादा मागच्या बाकावर, हातात मोबाईलचं घड्याळ.

यशोधराबद्दल लिहायचं नव्हतं, पण तिच्याशिवाय नदी सांगता येत नाही.

यशोधरा पगारे, राहात्याची. कॉलेजातली मैत्रीण. मी सोडलं, तिनं एम.ए. केलं. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात आम्ही दोघींनी मुळा नदी चालून काढली — हरिश्चंद्रगडाच्या कुशीत उगवते तिथून पार प्रवरेला मिळते तिथपर्यंत. कल्पना माझी, नकाशा तिचा. दिवसा चालायचं आणि सांज झाली की पुढ्यात येईल त्या गावात, मिळेल त्या घरी.

पहिल्याच मुक्कामी ओसरीवरच्या आजोबांनी विचारलं, "कुनाच्या पोरी? आडनाव काय?"

यशोधरा तोंड उघडणार, तेवढ्यात मी माझंच आडनाव दोघींना लावून म्हणाले, "ठुबे. पारनेरच्या. दोघी चुलत बहिणी."

ती बौद्ध. पगारे हे आडनाव ऐकल्यावर ओसरी आणि चूल यांच्यातलं अंतर कसं वाढतं ते मी आमच्याच घरात बघत मोठी झालेय. पायाला फोड आले होते, दिवस बुडाला होता, आम्हाला अंग टाकायला जागा हवी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. मला वाटलं, निभावलं.

पण नदीकाठची माणसं पाव्हण्याला नुसतं वाटेला लावत नाहीत. सकाळी आम्ही बूट घालेपर्यंत त्या घरानं पुढच्या गावातल्या मेहुण्याला फोन केलेला. "ठुब्यांच्या दोन पोरी येत्यात, उपाशी सोडू नगा." मेहुण्यानं त्याच्या मावशीला. मावशीनं आपल्या विहिणीला. आमच्या आधी आमचं आडनाव पोचायचं. कुठं कुठं तर पिठलं टाकून वाट बघत बसलेले. मग बदलणार कसं? संगमापर्यंत दोघी ठुबेच.

सगळ्यात जीव लावला तो भागूबाईनं. धरणाच्या वरच्या अंगाला तिचं घर. मला तिथं ताप भरला तर दोन दिवस हलू दिलं नाही. यशोधरा चुलीपाशी, मी गोधडीत, आणि भागूबाई दोघींच्या मध्ये येरझाऱ्या घालत बडबडत. म्हातारीचं तोंड मिटत नाही आणि ऐकणाऱ्याला ते मिटावंसं वाटत नाही.

संगमावर पोचलो, रडलो, एसटीत बसलो. आणि त्यानंतर यशोधरानं माझा एक फोन उचलला नाही. वर्ष होऊन गेलं. मेसेज वाचते, उत्तर नाही. एका गोधडीत झोपलेली मैत्रीण मला असं टाकून गेली आणि का ते सांगितलंसुद्धा नाही. ह्याला दगा म्हणायचं नाही तर काय?

भाषणात मी हे सगळं घेतलं नाही. सोय म्हणून बहिणी झालो आणि आडनाव फोनवरून पुढं पळालं, एवढंच सांगितलं. सुनीलदादा बाकावर आपटून हसला. "हेच! शीर्षकच हे — दोघी बहिणी, एक नदी. बाकी दगडधोंडे कमी कर. बहिणींवर जोर दे."

मला बरं वाटलं. त्याला हसवणं सोपं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सराव शून्य. माइकचे सेल आणायला पाठवलं होतं. चौकात रसवंतीवाला यंत्राचे जुने घुंगरू काढून नवे ओवत होता. मी म्हटलं, घुंगरू कशाला लागतात? तो म्हणाला, "ताई, नुसता रस काढला तर गिऱ्हाईक मान वळवत न्हाई." मग प्रत्येक घुंगरू वाजवून, बद आहे का नीट आहे ते ऐकून ओवला. मीही चार-पाच ओवले. ऊन डोक्यावर आलं.

सेल विसरले. रुपाली म्हणाली, "तू स्टेजवर जाताना वाटेत मांजर दिसलं तर काय करशील?"

३ फेब्रुवारी

अक्षर बिघडतंय. असू दे.

बजरंगच्या दुकानात गेले होते. तो फ्लेक्स छापतो. सुनीलदादानं खरं तर रुपालीला पाठवलं होतं, तिला ड्युटी होती, म्हणून मी निघाले. दादाला माहीत नव्हतं.

मोठा फ्लेक्स जमिनीवर पसरलेला. आठ गोल, आठ चेहरे. बजरंग गुडघ्यावर बसून एका गोलावर माझ्या फोटोचं स्टिकर लावत होता. आमच्याकडं हे नवीन नाही. निवडणुकीत कोणी पक्ष बदलला, लग्नात कोणी काका रुसला, की फ्लेक्स नवा काढत नाहीत. वर स्टिकर मारतात. कडा नीट बसल्या तर लांबून कळत नाही.

तो म्हणाला, "आलीस का? बघ, तुझं नाक तिच्या नाकावर बरोबर बसतंय का. नाहीतर उन्हात खालचं दिसतं."

"तिच्या?"

पुण्याचे सर असतील तर मिशा असतील असं काहीतरी माझ्या डोक्यात. मी वाकले. अर्धं स्टिकर चिकटलेलं, अर्धं बजरंगच्या हातात. खाली एक डोळा, एक भुवई, कानातली मोत्याची कुडी. ती कुडी मी ओळखते. कोतूळच्या बाजारात मीच तिला घेऊन दिली होती.

गोलाखाली बारीक अक्षरात — यशोधरा पगारे. आडनावाची बेवारस नदी.

"ही कोण?" मी विचारलं. उगाच.

"तू जिच्या जागी ती," बजरंग म्हणाला. "का गं? ओळखीची?" आणि तळहातानं हवेचा बुडबुडा काढत काढत मला, माझ्या नावासकट, तिच्यावर पूर्ण चिकटवलं.

चालत आले घरी. रिक्षावाला विचारत होता तरी बसले नाही. कुठल्या गोष्टीचा जास्त राग आलाय तेच कळत नाही. दादा खोटं बोलला त्याचा? का त्यानं आधी तिला विचारलं, मला नाही? का ती आमची नदी एकटी सांगायला निघाली होती, माझ्याशी एक अक्षर न बोलता?

४ फेब्रुवारी

दोन बॅचच्या मध्ये त्याला गाठलं. फळा पुसत होता.

"पुण्याचे सर कसे आहेत आता?"

"अं? बरे आहेत. आराम सांगितलाय."

"आणि यशोधराला काय सांगितलं? तिला कुठला आजार?"

तो वळला. चेहऱ्यावर काही नाही. "बजरंगला म्हटलं होतं, दिशासमोर फ्लेक्स उघडू नको."

म्हणजे एवढंच चुकलं होतं. फ्लेक्स माझ्यासमोर उघडला, हे.

मग त्यानं सांगितलं. सगळं अगदी शांतपणे, बाकावर बसून, मला समोर बसवून, क्लासातल्या मुलीला काळ समजावतात तसं. तिला त्यानं बोलावलं होतं. चांगलं बोलते, एम.ए. आहे. नंबर माझ्याचकडून घेतला होता, शिकवायला कोणी हवंय म्हणून. तिनं हो म्हटलं. मग मी नसताना सरावाला आली.

"नदी राहिली बाजूला, दिशा. सगळा वेळ आडनाव. कोण आत घेतं, कोण बाहेर ठेवतं, आत घेतलं तर कुणाला घेतलं. हॉलमध्ये निम्मी माणसं त्याच काठची असणार. ती काय म्हणतील? आपला मंच पॉझिटिव्ह आहे. मी म्हटलं, तेवढं गाळ. म्हणाली, तेवढंच बोलायला आलेय."

"म्हणून मी."

"तू तेच सांगतेस. फक्त हसरं करून."

"तुला माहीत होतं आम्ही बहिणी नाही. का झालो तेही माहीत होतं."

"हो मग? म्हणून तर गोड आहे ते."

मी उठले. तो म्हणाला, "आण्णा येतायत ना? मी त्यांना फोन केला होता. पुढची खुर्ची ठेवलीय. बघ, तुझं तू ठरव." धमकी नव्हती. काळजीनंच म्हणाला. ह्या माणसानं मला दारात उभं केलं होतं तेव्हाही हाच आवाज होता.

पोरं आत आली. तो त्याच आवाजात म्हणाला, "गुड इव्हनिंग, एव्हरीबडी."

५ फेब्रुवारी

राहात्याला गेले. न कळवता.

आधी पेरूच्या बाजारात अडकले. क्रेटच्या क्रेट, आणि एक बाई नुसत्या वासावरून म्हणत होती, हा उद्याचा, हा परवाचा. तिच्याशी बोलत राहिले. खरं म्हणजे यशोधराच्या दाराशी जायची भीती वाटत होती.

तिच्या आई, चांगुणाबाई, दारातच मशीनवर ब्लाऊज शिवत होत्या. मला ओळखलं. पाय थांबवला नाही.

"ये की. आमच्याकडं काय आडनाव सांगनार हायस?"

मी उभीच राहिले. मग त्या म्हणाल्या, "बस गं. गंमत केली. लई गंमत न्हवती, पर केली. यशू वाचनालयात हाय, येईल."

यशोधरा आली. केस कापलेत तिनं. मला बघून दप्तर हळूच कोपऱ्यात ठेवलं, जसं काही मी रोज येते.

"तुझ्या फोटोवर माझा चिकटवलाय," मी म्हणाले. दुसरं सुचलंच नाही.

"नवीन काय त्यात?"

मी वाटेत बसमध्ये जे जे ठरवलं होतं ते सगळं बोलून टाकलं. वर्षभर फोन नाही. मला न सांगता आपली नदी सांगायला निघालीस. दादानं मला फसवलं, पण तू तर आधीच —

"आपली?" ती म्हणाली. "तिथून दोन ठुबे चालत गेल्या, दिशा. पगारे त्या काठानं गेलीच नाही. कोणालाही विचार."

"मी तुला सांभाळत होते."

"पहिल्या रात्री, हो. मी पण हसले होते. मग दुसऱ्या दिवशी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी बघितली. तू एकदा तरी विचारशील, आज काय सांगू या म्हणून. तू पुढं पुढं चालायचीस, पाणकावळे दाखवत."

चांगुणाबाईंचं मशीन थांबलं होतं.

"भागूबाईच्या घरी तुला ताप होता," यशोधरा म्हणाली. "मी भाकरी केल्या. तिनं माझा हात हातात घेतला. 'ठुब्यांच्या घरची शिस्त हाय ह्या हाताला,' म्हणाली, 'उगं न्हाई चुलीपाशी बसवलं.' माझ्या भाकरीचं एवढं कौतुक आईनं पण कधी केलं नाही. आणि ते तुझ्या घराला गेलं. मला त्या म्हातारीचा राग यायला हवा होता. नाही आला. तुझा आला."

मला आठवलं, त्या दिवशी ती जेवली नव्हती. दमली असेल म्हणून मी तिची भाकरी खाल्ली होती.

"मी स्टेजवरून सांगते सगळं," मी म्हणाले. "तुला काढलं तेही. दादाच्या तोंडावर सांगते."

"नको." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "माझ्या वतीनं तू एकदा बोललीस, सगळी नदीभर. पुरे आता."

"मग मी काय करू?"

"बघ. विचारलंस. पण हे माझं नाही, तुझं आहे."

चांगुणाबाई म्हणाल्या, "जेवून जा." त्या घरात नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. जेवले. मीठ मागायचं होतं, तेही मागितलं नाही.

६ फेब्रुवारी

सगळ्यांनी मला फसवलं, असं लिहायला वही उघडली. सुनीलदादानं फसवलं. हे खरं. ते वाक्य कितीही वेळा लिहीन. पुढचं नाव लिहायला गेले आणि पेन तसंच धरून बसले.

आई: "आण्णा म्हनत्यात, पोरीनं पारनेरचं नाव काडलं. रंगू चुलतीला बी सांगून आलं."

पारनेरचं नाव. आमचं आडनाव. काय सांगू तिला?

७ फेब्रुवारी

हॉलवर गेलो सगळे. लाल गालिचा टाकून झाला. सुनीलदादा माझ्याशी असा वागतोय जसं त्या दिवशी काही झालंच नाही. मला चहा आणून दिला, माइक लावून बघितला, केस मागं घे म्हणाला. त्यानं ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर मला भांडता आलं असतं.

फ्लेक्स दारावर चढलाय. बजरंगचं काम चोख. रुपाली खाली उभी राहून म्हणाली, "मस्त आलीयेस गं." मी सांगितलं तिला स्टिकरखाली कोण आहे ते. तिनं वर एकदा नीट बघितलं. मग म्हणाली, "तू बोललीस तर दादाचं. खरं बोललीस तर परत तिचं. गप्प बसलीस तर आण्णा. असंच ना?"

असंच.

दादाचं भाषण मी करू शकत नाही. दोघी बहिणी म्हटलं की लोक हसणार, आणि ते हसू कुठून आलंय ते मला माहीत असणार. खरं सांगायला तिनं मनाई केलीय, आणि तिचं बरोबर आहे. राहिले आण्णा. दीड वर्षानं ते माझं तोंड बघायला येणार, ऐकायला येणार.

पिशवी भरली. दोन ड्रेस, चादर, ही वही. एक गोष्ट मला नीट येते — निघून जाणं. बाकी कशातच मी पुरती तयार नाही, पण हे मला येतं.

८ फेब्रुवारी, रविवार

तारकपूर स्टँड. अकोल्याची, हरिश्चंद्रगडाकडची, गाडी लागायची आहे. अकोल्याहून पुढं कुठं ते ठरवलेलं नाही.

मोबाईल बंद केलाय. दादा शोधत असेल. रुपालीला सांगितलंय, कोणी विचारलं तर माहीत नाही म्हण. ती म्हणाली, "मला खरंच माहीत नाहीये, त्यामुळं सोपंय."

रिक्षा हॉलवरूनच गेली. दुसरा रस्ता सांगायचं सुचलं नाही. दारात आण्णा उभे. इतक्या लवकर. इस्त्रीचा सदरा, टोपी हातात. मान वर करून फ्लेक्सकडं बघत होते. त्यांना वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात. माझं नाव वाचत होते, आडनावासकट. रिक्षावाल्यानं विचारलं, इथंच का? मी म्हटलं, नाही, पुढं.

पुढं.

समोर बोर्डावर अहिल्यानगर, कंडक्टर ओरडतोय नगर, नगर. एक माणूस पिंजऱ्यात कबुतरं घेऊन बसलाय आणि मला उठून बघायला जावंसं वाटत नाहीये.

त्याच बाकावर

भागूबाई शेजारी बसून चहा फुंकतेय, तेवढ्यात लिहून घेते.

राहुरीकडून गाडी आली, तिच्यातून एकटीच उतरली. माझं लक्ष आवाजावर गेलं. कंडक्टरला विचारत होती, "बाबा, यशोधरा पगारेचं भाषान हाय सावेडीला. रिक्षा कुठनं मिळंल?" पगारे म्हणाली. स्वच्छ, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं.

मग मला बघितलं. चपला काढून बाकावर मांडी घातली. "संक्रांतीच्या आदी आली हुती माज्याकडं. वसरीच्या खालीच हुबी ऱ्हायली. पैलं आडनाव सांगितलं, मंग इचारलं, आत येऊ का. म्या लगीच व्हय म्हनले न्हाई, खोटं कशाला बोलू? बसून ऱ्हायले उंबऱ्यात. ती बी हुबीच. मंग म्हनलं, ये. जाताना म्हनली, आठ तारकेला हे समदं लोकांम्होरं बोलनार हाय. म्हनलं, यीन मी ऐकाया."

तिला काढल्याचं म्हातारीला कोणी सांगितलेलं नाही. सांगायला मी एकटीच आहे इथं.

अकोल्याची गाडी लागली. भागूबाईनं कप खाली ठेवला, माझी पिशवी आपल्या खांद्याला अडकवली.

"तू बी तिलाच ऐकाया निगालीस न्हवं? चल मंग."